अण्णांची कादंबरी आणि टीव्हीवरची चंद्रा

माझ्या घरासमोर शाळा आहे आणि ती परीक्षेचं केंद्र आहे. मार्च लागला की सकाळी दहापासून रस्त्यावर गाड्यांची दाटी होते. आया पोरांच्या मानेवरचा घाम टिपतात, कुणीतरी अजून पुस्तकातच डोकं घालून उभं असतं, आणि घंटा झाली की सगळा रस्ता एकदम गप्प होतो. एकतीस वर्षं मी त्या घंटेपलीकडे, वर्गात उभी होते. आता मला तिचं काही करायचं नसतं. तरी ती वाजली की उगीच पाय दुखायला लागतात. सोलापूरचं ऊन तेव्हाही असंच होतं, आताही असंच आहे. ते सोसणारं अंग तेवढं जुनं झालं.

परवा आमच्या जुन्या चाळीतल्या एक बाई भेटल्या. त्यांनी विचारलं, "अण्णांच्या कादंबरीवर टीव्हीत लागलं होतं ते, आता मोबाइलवर बघायला मिळेल का गं?" मी म्हटलं, नाही मिळणार. त्या काळातलं फारसं कुणी जपून ठेवलेलं नाही. त्या हळहळल्या. "फार छान होतं," म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. त्या वेळी सोलापुरात टीव्हीच नव्हता. पण ते कसं होतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना जे ठाऊक होतं ते खोडून काढायचं बळ माझ्यात तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जकात नाक्यावर कारकून होते. कुंभारीच्या रस्त्याला, शहर संपतं तिथं पत्र्याची एक खोली, रस्त्यावर आडवा बांबू आणि आत एक टेबल. ट्रक आला की उठायचं, माल बघायचा, पावती फाडायची, बांबू वर करायचा. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात अण्णांनी कादंबरी लिहिली, रद्द झालेल्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या पाठींवर. दुधनीकडून तुरीची नि ज्वारीची पोती भरून ट्रक यायचे. दुधनी हे अण्णांचं गाव. ड्रायव्हरला ते आधी गावाची खुशाली विचारायचे आणि मग मालाची. ड्रायव्हर निम्मं कानडीत बोलायचे, अण्णाही तसंच उत्तर द्यायचे. घरी मात्र ते कानडी बोलत नसत. कानडीत त्यांना कुणाची तरी आठवण येते असं मला लहानपणापासून वाटायचं. कुणाची ते कळायला ती कादंबरी यावी लागली.

मी त्या वर्षी दहावीला होते. अक्षर चांगलं म्हणून फॉर्मांच्या पाठींवरचा मजकूर वहीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. गोष्ट अशी होती. जकात नाक्यावरचा एक पन्नाशीचा कारकून दुपारच्या उन्हात बाकावर पडतो. डोळा लागतो. घंटा वाजते. जागा होतो तेव्हा तो तेरा वर्षांचा असतो, अक्कलकोटच्या केंद्रात सातवीच्या फायनलचा पहिला पेपर लिहीत बसलेला. हातात टाक, समोर दौत. त्याला पुढचं सगळं ठाऊक असतं. तो पास होणार, त्या पासाच्या कागदावर नोकरी लागणार, आयुष्य मार्गी लागणार. आणि तिकडे दुधनीला त्याची नऊ वर्षांची बहीण चंद्रा आजारी पडलेली आहे, उद्या दुपारी ती जाणार, हेही ठाऊक असतं. पेपर बुडेल म्हणून घरचे त्याला कळवणार नाहीत. तर हा मुलगा टाक खाली ठेवतो, उठतो आणि चालायला लागतो. बारा कोस. स्टेशनपर्यंत सडकेनं, पुढं रुळांच्या कडेनं. दिवेलागणीला घरी पोचतो. चंद्रा जिवंत असते.

इथं मला वाटलं होतं की तो तिला वाचवणार. मी रात्रीचा अभ्यास सोडून पानं उलटत होते. पण अण्णांनी तिला वाचवलं नव्हतं. मुलगा तिच्या उशाशी बसतो, फडक्यानं वारा घालतो. ती विचारते, "पेपर सोपा होता का रे?" तो म्हणतो, "लई सोपा होता." दुसऱ्या दिवशी दुपारी ती जाते, त्याच्या हातात हात ठेवून. बस. मग पुन्हा घंटा होते आणि तो पन्नाशीचा होऊन जागा होतो. पण आता नाका नाही, टेबल नाही. पेपर सोडला म्हणून तो नापास झालेला आहे. दुधनीच्या बाजारात तो पोती उचलणारा हमाल आहे. पाठ मोडून आलेली आहे, आणि अण्णांनी शेवटचं वाक्य लिहिलं होतं की त्याला चाळीस वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

मी वही मिटली आणि आईला म्हटलं, "काय विचित्र गोष्ट आहे." आई तव्यावर भाकरी टाकत होती. ती म्हणाली, "ती गोष्ट न्हाय. ते झालंय." मग तिनं सांगितलं. चंद्रा ही अण्णांची खरी बहीण. अण्णा परीक्षेला गेले त्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी गावचा एक माणूस अक्कलकोटला अण्णांना भाकरी देऊन गेला आणि "घरी समदं बरं हाय" म्हणून सांगून गेला. चार दिवसांनी पोरगा उड्या मारत घरी आला, तर कुंपणावर चंद्राची पांघरायची वाकळ धुऊन वाळत टाकलेली. आई म्हणाली, "लगीन झालं तवा एकदाच बोलले माझ्याजवळ. ती गेली तवा मी गोदावरीच्या उपनद्या लिवत हुतो, म्हनले. परत कदी विषय काढला न्हाय."

ती लघुकादंबरी म्हणून एका दिवाळी अंकात आली. आमच्या चाळीत तो अंक मी मोठ्यानं वाचून दाखवला. पूर्व भागातली ती चाळ. चहूकडून यंत्रमागांची खडखड, आणि दुपारी सगळ्या बायका आपापली सुपं घेऊन एका भिंतीच्या सावलीला विड्या वळत बसायच्या. त्यांच्यात नरसम्मा सगळ्यांत वडील. तिची मराठी तेलुगूच्या अंगानं चालायची. चंद्रा गेली ते पान आलं तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. नरसम्मा म्हणाली, "थांब गं. पुढचा उद्या वाच." दुसऱ्या दिवशी शेवट वाचला. आई उंबऱ्यात गहू निवडत ऐकत होती. बायका उठून गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो नापास झाला. हमाल झाला. मग त्यात मी कुटं हाय?"

खरं तर मला तोपर्यंत तो प्रश्नच पडला नव्हता. नोकरी नाही तर सोलापूर नाही, सोलापूर नाही तर केम गावच्या मुलीचं हे स्थळ नाही, आई नाही, आणि मग मीही नाही. अण्णांनी मागं जाऊन जे आयुष्य मागून घेतलं होतं त्यात आम्ही दोघी नव्हतो. मी सोळा वर्षांची होते. मी त्याच अक्षरात, ओळी सरळ ठेवून, स्वतःला वगळणारी ती गोष्ट उतरवून काढली होती. ते दिवस मी अभ्यासाच्या नावाखाली रुसून काढले. अण्णांना वाटलं, परीक्षेचा ताण आहे. ऊन तापायला लागलं तसं त्यांनी माझ्यासाठी रोज नाक्यावरून येताना कलिंगड आणायला सुरुवात केली. ते मी खायचे आणि बोलायचे नाही.

मुंबईहून टीव्हीवाल्यांचं पत्र आलं ते फेब्रुवारीत. कादंबरी आवडली, तिच्यावर पाऊण तासाची नाटिका करायची आहे, संमती द्यावी. अण्णांनी संमती दिली. ते पत्र चाळभर फिरून चुरगळलं. मग नाटिकेची तारीख कळली, ती नेमकी माझ्या शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी. पुण्यात टीव्ही दिसायचा. पुण्याला माझी मावशी राहायची आणि तिच्या शेजारी टीव्ही होता. भूमितीचा पेपर देऊन आले, रात्री पिशवी भरली, आणि सकाळी आम्ही तिघं गाडीत बसलो. केमला गाडी उभी राहिली तेव्हा आई खिडकीतून आपल्या माहेराच्या दिशेनं बघत राहिली. अण्णांनी चहा आणला. परीक्षा संपल्यावर माणूस जसा रिकामा होतो तशी मी होते, आणि अण्णांची तर अजून सुरू व्हायची होती.

शेजाऱ्यांची खोली भरून गेली होती. टीव्हीवर भरतकाम केलेलं कापड होतं. त्या घरच्या बाईंनी ते काढून घडी घालून मांडीवर घेतलं. नाव आलं, मग "मूळ कथा" म्हणून अण्णांचं नाव आलं. आईला वाचता यायचं, पण एकेक अक्षर लावून. तिचं पहिलं अक्षर लागेपर्यंत नाव गेलं. "गेलं व्हय?" ती म्हणाली. मावशी म्हणाली, "शेवटाला परत दावतील."

सुरुवात फार चांगली होती. हे मी आजही म्हणते. परीक्षेची खोली, बाकांची रांग, आणि टाक धरलेला त्या मुलाचा हात. नुसता हात दाखवला होता, थोडा थरथरणारा. शाईचा एक थेंब कागदावर पडतो आणि पसरत जातो. कादंबरीत अण्णांनी त्या जागी दीड पान लिहिलं होतं, आणि त्या दीड पानात जे आलं नव्हतं ते त्या हातात होतं. अण्णा पुढं झुकले. मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

मग मुलगा उठला आणि बाहेर पडला. कादंबरीतली तीस पानांची वाट, ती तहान, रुळांवरून उठणारी झळ, एका गँगमननं पाजलेलं पाणी, मागं फिरावं की नको ही घालमेल, हे सगळं टीव्हीवर एका क्षणात झालं. दार उघडलं आणि तो पोचला. वाचताना मी त्या मुलाबरोबर चालून दमले होते; इथं दमायला वेळच मिळाला नाही. त्यांचंही खरं होतं. पाऊण तासात बारा कोस कुठून आणायचे?

आणि चंद्रा आली. अठरा-एकोणीस वर्षांची, केसात गजरा, हातात कळशी. ती त्याची बहीण नव्हती. आणि तोही आता तेराचा नव्हता, चांगला मिशी फुटलेला जवान होता. चंद्राचं लग्न दुसरीकडं ठरलेलं, हा ते मोडायला पेपर टाकून आलेला. तिनं गाणं म्हटलं. त्यानं लग्न मोडलं. पुन्हा घंटा झाली. तो जागा झाला तेव्हा मोठा अधिकारी होता, दारात मोटार होती, आणि चंद्रा हसत हसत चहाचा कप घेऊन येत होती.

मी अण्णांकडं बघितलं. ते पडद्याकडं बघत नव्हते. त्या बाईंच्या मांडीवरच्या कापडावर एक राघू भरलेला होता, त्याच्याकडं बघत होते.

दिवे लागल्यावर सगळ्यांनी अण्णांचं अभिनंदन केलं. एकजण म्हणाले, "शेवट गोड केलात हे बरं केलंत. नाहीतर हल्ली सगळं रडकंच." अण्णा म्हणाले, "शेवट त्यांनी केला." ते विनयानं बोलताहेत असं सगळ्यांना वाटलं. मावशीनं विचारलं, "एवढं लगीन मोडून आनलेली पोरगी, तुमच्या वळकीची हुती का दाजी?" ती थट्टा होती. आई पटकन म्हणाली, "गप गं." एवढंच. शेवटी नाव पुन्हा आलंच नाही.

आता इतक्या वर्षांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघते तेव्हा मला त्या टीव्हीवाल्यांचा राग येत नाही. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. एका लहान पोरीचं मरण लोकांच्या घरात संध्याकाळच्या वेळी कसं न्यायचं, हा प्रश्न त्यांना पडला असेल, आणि त्यांनी तो सोपा करून घेतला. त्यांच्या गोष्टीत मागं गेलेल्या माणसाला सगळं मिळालं. अण्णांच्या गोष्टीत त्यानं सगळं दिलं आणि एक दुपार मिळवली. टीव्हीवरची गोष्ट बघून उठताना लोकांना हलकं वाटत होतं. अण्णांची वाचून झाल्यावर नरसम्मा तशीच सूप उचलून घरी गेली होती. आणि एका बाबतीत दोन्ही सारख्याच होत्या. नाक्यावरच्या कारकुनाला घरी बायको असेल, ती त्याची वाट बघत असेल, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत अण्णा खूप वेळानं बोलले. "तो हात चांगला होता," म्हणाले. "मला तसा लिहिता आला न्हाय." मी म्हटलं, "अण्णा, पण चंद्रा..." ते म्हणाले, "असू दे. सोलापुरात कुणी बघितलंय?" आणि डोळे मिटून घेतले. त्यांना झोप लागली नव्हती. गाडीच्या हिसक्यांनी डोकं खिडकीच्या गजावर आपटत होतं आणि तरी ते सरळ होत नव्हते. आईनं पिशवीतला टॉवेल काढून घडी करून मध्ये सरकवला.

दुपारी घरी पोचलो. संध्याकाळी चाळ गोळा झाली. मागांची सुट्टी होती त्यामुळं इतकं शांत होतं की बोलणं शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जावं. अंगणात पाणी मारलेलं. बायका सुपं घेऊन आल्या, पुरुष भिंतीला टेकले. अण्णा खुर्चीवर बसले होते, प्रवासाच्याच कपड्यांत, चेहरा उतरलेला. मला वाटलं, आता सांगतील आणि मोकळे होतील.

त्यांनी हातापासून सुरुवात केली. टाक, शाईचा थेंब, थरथर. सगळं खरं सांगितलं. मग नरसम्मानं विचारलं, "आमचा चंद्रा कसं होता अण्णा? बारीक पोरगी घेतला काय?"

अण्णा थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय करायला हवं होतं ते मला कळलं नाही, म्हणून मी नुसती बघत राहिले.

"होती की," अण्णा म्हणाले. "बारीकच होती. नऊ वर्षांची. पुढचा एक दात पडलेला. म्हणून हसताना ती तोंडावर हात घ्यायची."

दाताचं कादंबरीत नव्हतं.

"परकर निळा होता. आईच्या लुगड्याचा शिवलेला, खाली काठ राहिलेला. अंगणात चिंचोके मांडून बसायची. हरली की चिंचोके उचलून पळायची." अण्णा बोलत गेले. त्यातलं काहीच त्यांनी लिहिलेलं नव्हतं. चंद्राला बोरं आवडायची, पण पोटात झाड येईल म्हणून ती बी गिळायला घाबरायची. भावाला ती कानडीत हाक मारायची. ती हाक अण्णांनी तशीच मारून दाखवली, बारीक आवाजात, आणि मग घसा साफ केला. मला एकदम समजलं की हे सगळं लिहायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. लिहिताना ते तिच्या मरणाकडंच एवढ्या घाईनं चालत गेले होते की ती जिवंत कशी होती हे सांगायला थांबले नव्हते.

मग ती आजारी पडली. मग तो पोचला. "पेपर सोपा होता का रे?" आलं. नरसम्मानं डोळ्याला पदर लावला. "चांगला केला टीव्हीवाला," ती म्हणाली. "बारीक पोरगी, एवढा काम केला."

"केलं की," अण्णा म्हणाले. "लई चांगलं केलं."

"आणि शेवट?" मागून कुणीतरी विचारलं. "हमालच झाला का तो?"

"झाला." अण्णांनी उंबऱ्याकडं बघितलं. आई तिथं पिशवीतले कपडे काढून झटकत होती. "दुधनीच्या बाजारात पोती उचलतोय. दुपार झाली. घाम पुसून खाली बसला, तेवढ्यात त्याची बायको आली भाकरी घेऊन."

"बायको?" दोघीतिघी एकदम म्हणाल्या. "पुस्तकात बायको कुठं होती?"

"टीव्हीवाल्यांनी घातली," अण्णा म्हणाले. "केमकडची. तोंडानं जरा फटकळ. म्हणाली, पाट वाकलीया, आता दोनच पोती उचला. आणि तिच्या मागं एक पोरगी होती. पोत्यावर बसून काहीतरी लिवत होती. अक्षर चांगलं होतं तिचं."

बायका हसल्या, आईकडं बघून, माझ्याकडं बघून. मी खाली बघत होते. ओल्या मातीवर पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढत होते आणि ती पुन्हा पुन्हा पुसत होते. इतके महिने धरून ठेवलेला रुसवा कुठं ठेवावा ते मला समजत नव्हतं.

अंधार पडायला लागला तशी माणसं उठली. सुपं उचलली गेली. अण्णा खुर्चीतच बसून राहिले. आईनं शेवटचा टॉवेल झटकला, घडी केली, आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"खोटं किती बोलावं मानसानं," ती म्हणाली.

घडी केलेला टॉवेल तिनं खांद्यावर टाकला.

"आनि केमवरनं दुधनीला आनलंत तिला, भर दुपारी भाकरी घिऊन. तिच्या पायात वहाणा तरी घातल्या हुत्या का त्यांनी? का तशीच चालवली उनातनं?"

अण्णांनी मान वर केली.

"होत्या," ते म्हणाले. "कोऱ्या होत्या."

"मग असू दे," आई म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला आत गेली.